पोटावरील पिशवी, गॅस आणि उपाशी राहणे

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. गुदाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या पोटाच्या डाव्या बाजूला कायमची कोलोस्टॉमी आहे, म्हणजे मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर बाहेर काढून त्यावर शौचासाठी पिशवी लावली आहे. पिशवी गॅसने फुगते आणि आवाज येतो, म्हणून त्यांनी भजनाला जाणे सोडले आहे. बाहेर जायचेच असेल, तर ते सकाळपासून उपाशी राहतात. कोणीतरी सांगितले म्हणून पिशवीला टाचणीने भोक पाडले, तर घरभर वास येऊ लागला. काय करावे? — एक वाचक, मिरज

उत्तर : सर्वांत आधी त्यांचे उपाशी राहणे थांबवा. पोट रिकामे असले तरी आतड्याची हालचाल चालूच राहते आणि गिळलेली हवाही आत जात राहते, त्यामुळे उपाशीपोटी गॅस पुष्कळदा वाढतो. शिवाय शस्त्रक्रियेनंतर भरून येऊ पाहणाऱ्या शरीराची आबाळ होते ती वेगळीच. थोडे थोडे, ठरलेल्या वेळी आणि सावकाश चावून जेवणे, जेवताना कमी बोलणे आणि सोडा किंवा कोल्ड्रिंक टाळणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो. वाल, पावटा, हरभरा, कोबी, मुळा, कच्चा कांदा यांनी अनेकांना गॅस होतो, पण सर्वांना सारखा होत नाही. म्हणून सरसकट सगळे बंद न करता एकेक पदार्थ थोडा देऊन पाहावा आणि वहीत नोंद ठेवावी. कोलोस्टॉमीत खाल्ल्यापासून गॅस होईपर्यंत साधारण सहा तास किंवा अधिक वेळ जातो, त्यामुळे संध्याकाळी भजन असेल, तर त्या दिवशीची न्याहारी आणि दुपारचे जेवण साधे ठेवावे.

स्टोमाला, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाला, गुदद्वारासारखा आवळून धरणारा स्नायू नसल्याने गॅस रोखणे वडिलांच्या हातात नाही. यात त्यांचा काही दोष नाही, हे त्यांना अवश्य सांगा. आवाज येईलसे वाटले, तर कपड्यावरून स्टोमावर तळहात अलगद दाबून धरल्यास तो बराच दबतो.

टाचणीचे भोक पुन्हा पाडू नका. कोळशाचा फिल्टर असलेली पिशवी मिळते; तिच्यातून गॅस बाहेर पडतो आणि वास आतच अडतो, मात्र फिल्टर भिजला की निकामी होतो, म्हणून अंघोळीपूर्वी त्यावर सोबतची चिकटपट्टी लावावी. दोन भागांची पिशवी (त्वचेला चिकटणारी चकती वेगळी, पिशवी वेगळी) असल्यास शौचालयात जाऊन वरची कड किंचित उघडून गॅस सोडता येतो. पिशवी खालून रिकामी करता येण्याजोगी असेल, तर ती एक तृतीयांश ते अर्धी भरताच रिकामी करावी.

भोक नसलेल्या पिशवीतूनही वास येत असेल, तर बहुधा चकतीखालून गळती होत असते, आणि अशा वेळी चकती लगेच बदलावी. नव्या चकतीचे छिद्र स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे कापावे. स्टोमा पहिले सहा ते आठ आठवडे आकसत असल्याने तोवर दर वेळी माप घ्यावे. भोवतालची त्वचा कोमट पाण्याने धुऊन नीट कोरडी करावी. आपल्याकडे मायेने लावले जाणारे खोबरेल तेल येथे नको, कारण तेलकट त्वचेवर चकती चिकटत नाही.

गॅस आणि शौच दोन्ही थांबून पोट फुगले, कळा किंवा उलट्या सुरू झाल्या, अथवा लाल-गुलाबी स्टोमा काळा-जांभळा पडला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

भजनाला जाताना छिद्र आधीच कापून ठेवलेली चकती, पिशवी आणि मऊ कापड सोबत असू द्या. हा संच उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, कारण उष्णतेने चकतीचा चिकटपणा बिघडतो.