क्रूझ कुठली ते नंतर बघू, आधी धाकटीचं वय सांगा

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही मुलुंडला राहतो. मुलगा 7 वर्षांचा आहे, मुलगी दिवाळीत अडीचची होईल आणि एप्रिलमध्ये तीन पूर्ण. सासू-सासरेही बरोबर येणार, सासूबाई पूर्ण शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा नाही. यंदा दिवाळीच्या सुट्टीत क्रूझ करायचीच असं मिस्टरांच्या डोक्यात पक्कं बसलंय. त्यांच्या ऑफिसातले म्हणतात सिंगापूरहून रॉयल कॅरिबियन घ्या, माझी बहीण म्हणते गेंटिंग ड्रीम, मुलगा डिस्ने डिस्ने करून डोकं खातोय आणि सासरे म्हणतात आपल्या बॅलार्ड पियरहून बोट सुटते तर विमानाचे पैसे कशाला घालवायचे. पैसे बाजूला काढलेत पण उधळायचे नाहीयेत. कुठली कंपनी घेऊ? – एक आई, मुलुंड

उत्तर: तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीये, ती म्हणजे मुलगी एप्रिलमध्ये तीनची होणार. माझं सगळं उत्तर त्या एका वाक्यावर उभं आहे. आपण सगळे कंपन्यांची तुलना करत बसतो, कुणाची बोट मोठी, कुणाकडे किती रेस्टॉरंट्स, पण लहान मुलं असतील तर बोटीवरचे तुमचे दिवस कसे जाणार हे सगळ्यात धाकट्या मुलाच्या वयावरच ठरतं.

ते कसं, सांगते. मोठ्या बोटींवर जो फुकट किड्स क्लब असतो, म्हणजे मुलांना तिथे सोडायचं, तिथल्या ताया-दादा त्यांना खेळवतात आणि आई-बाबा दोन तास निवांत, तो रॉयल कॅरिबियन काय आणि डिस्ने काय, दोघांकडेही 3 वर्षांपासून सुरू होतो आणि मूल शी-शू सांगणारं लागतं, डायपर घातलेलं चालत नाही. तीनच्या खालच्यांसाठी 6 महिन्यांपासून पुढे नर्सरी असते पण तिचे तासाला वेगळे पैसे आणि जागा थोड्या, त्यामुळे आधी बुक नाही केलं तर हवी ती वेळ मिळेलच असं नाही. म्हणजे या दिवाळीत तुम्ही सिंगापूरची महागडी बोट घेतलीत तर मुलगा क्लबमध्ये धमाल करेल आणि तुम्ही चारही दिवस मुलीच्या मागे डेकवर पळत असाल, तिकीट मात्र तिचंही भरलेलं असेल.

दुसरं पूलचं, आणि हे मी स्वतः भोगलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझी धाकटी सव्वादोन वर्षांची असताना आम्ही एका बोटीवर गेलो होतो, महिनाभर आधीपासून तिला पूलचे फोटो दाखवत होतो, बेडकाच्या चित्राचा हिरवा स्विमसूट आणला, हातात घालायचे फुगे आणले, स्विम डायपरचं अख्खं पाकीट आणलं. पहिल्याच सकाळी पूलवरच्या मुलाने हात आडवा केला आणि भिंतीवरची पाटी दाखवली, डायपरवाल्या मुलांना पाण्यात मनाई, स्विम डायपरसुद्धा चालणार नाही. बुकिंग करणाऱ्याला मी दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा तो हो हो म्हणाला होता. पोर इतकी रडली की बाजूच्या बाईंनी येऊन तिला बिस्कीट दिलं. मग चार दिवस ती पूलशेजारच्या शॉवरखाली उभी राहून लाल मग भरायची आणि स्वतःच्या पायांवर ओतायची, आतली मुलं बघत बघत. मला आजही तो मग आठवला की वाईट वाटतं. नियम चुकीचा नाहीये हो, पूलचं पाणी फिरून फिरून तेच वापरलं जातं, एका मुलाने घाण केली की अख्खा पूल बंद करून औषध मारावं लागतं आणि आजारही पसरतात. पण हे आधी माहीत असतं तर मी तिला ते फोटोच दाखवले नसते. काही बोटींवर डायपरवाल्या बाळांसाठी छोटी वेगळी जागा असते, उडतं पाणी वगैरे, तेव्हा बुकिंगच्या आधी नेमका हाच प्रश्न विचारा, "डायपरमधल्या मुलाला पाण्यात खेळायला जागा आहे का, कुठल्या डेकवर", आणि उत्तर लेखी घ्या.

म्हणून माझं सरळ मत असं. यंदा दिवाळीला सासऱ्यांचं ऐका. मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची एम्प्रेस बोट जाते, दोन-तीन रात्रींची ट्रिप बघा. बोट जुनी आहे, 1990 ची, आधी रॉयल कॅरिबियनचीच होती, आणि आताच्या बोटींच्या मानाने लहान आहे, पण आजी-आजोबा आणि अडीच वर्षांची मुलगी बरोबर असताना लहान बोट म्हणजे सोय, जेवणाच्या हॉलपासून केबिनपर्यंत दहा मिनिटं चालत बसावं लागत नाही. मुलाला चढायला रॉक क्लाइंबिंगची भिंत आहे. प्रवासी बहुतेक सगळे आपलेच असल्याने वरण-भातासारखं साधं जेवण मागायला संकोच नाही, जैन जेवण मिळतं म्हणजे सासूबाईंच्या कांदा-लसणाचा प्रश्न सुटला (दिवाळी चातुर्मासातच येते, कार्तिकी एकादशी नंतर असते, तेव्हा हे बुकिंग करतानाच सांगून ठेवा, बोटीवर चढल्यावर नको). फक्त गोवा घ्या. लक्षद्वीपची ट्रिप ऐकायला सुंदर वाटते पण तिथे मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही, समुद्रात उभी राहते आणि छोट्या बोटीत उतरून जावं लागतं, कडेवर मूल आणि वयस्कर सासू-सासरे घेऊन ती उतरंड मी तुम्हाला सुचवणार नाही. शिवाय लाटा असल्या की उतरणंच रद्द होतं.

आणि मग पुढच्या मे महिन्यात, मुलगी तीनची झाली आणि शी-शू सांगायला लागली की सिंगापूर. तोपर्यंत बोट तुम्हाला मानवते की नाही हेही दोन रात्रींत कळलेलं असेल.

सिंगापूरच्या तिघींमध्ये तुमच्या घरासाठी मी गेंटिंग ड्रीम घेईन. मोठी बोट आहे, दीड लाख टनांच्या आसपास, पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, दोरीवरचे खेळ आहेत, पिनांगसारख्या जवळच्या बंदरांना जाते, आणि भारतीय प्रवासी इतके असतात की शाकाहारी आणि जैन जेवण तिथे रोजचं काम आहे, कुणावर उपकार केल्यासारखं वाढत नाहीत. सहा माणसांत दोन ज्येष्ठ असले की जेवण हाच दिवसाचा मुख्य प्रश्न होतो, हे मी खूप घरांत बघितलंय. रॉयल कॅरिबियनच्या क्वांटम वर्गातल्या बोटी मुलांसाठी जास्त भारी, त्यात शंका नाही, कृत्रिम लाटेवर सर्फिंग, बंपर कार आणि तो काचेचा गोळा जो माणसांना समुद्रापासून साधारण 300 फुटांवर उचलतो, पण त्यातल्या बऱ्याच खेळांना उंचीची अट असते, तेव्हा सात वर्षांच्या मुलाला आधी दाराच्या चौकटीला उभा करून मोजा आणि मगच त्याला व्हिडिओ दाखवा. मुलगा दहा-बाराचा असता तर मी हीच घ्या म्हटलं असतं. डिस्नेची बोट मुख्यतः बोटीवरच राहायची आहे, तीन-चार रात्री, मध्ये कुठल्या गावाला उतरणं नाही. मिकी आणि राजकन्यांचं वेड असलेल्या घराला पैसे वसूल, पण आजोबा तिसऱ्या दिवशी "आता काय?" विचारतील.

पैशाचं एवढंच लक्षात ठेवा. जाहिरातीतला आकडा दोघांत एक केबिन धरून माणशी असतो. त्यावर बंदराचे कर, आणि टिप, जी परदेशी बोटींवर माणशी रोजची लावतात आणि लहान मुलांचीही लावतात, चार रात्री गुणिले सहा माणसं करून बघा म्हणजे कळेल. वायफाय वेगळं, कोल्ड्रिंक बहुतेक ठिकाणी वेगळं, बंदरावरच्या सहली वेगळ्या. एजंटकडून "सगळं धरून सहा जणांचे किती" असा एकच आकडा मागा, जो देत नाही त्याच्याकडे बुकिंग करू नका. सिंगापूरला आदल्या दिवशीच पोचा, विमान लेट झालं म्हणून बोट थांबत नाही, आणि त्या एका रात्रीचं हॉटेलही हिशोबात धरा. व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना ते बघा, कारण बोट सिंगापूरबाहेर जाऊन परत येते.

केबिन घेताना सासू-सासऱ्यांची लिफ्टजवळ आणि तुमच्या शेजारची, मधून दार असेल तर फारच छान. चौघांच्या केबिनमध्ये वरचे दोन बंक भिंतीतून किंवा छतातून खाली येतात, तिथे मुलीला अजिबात झोपवू नका, तिच्यासाठी पाळणा आधीच मागवून ठेवा. बाल्कनी घेतलीत तर बोटीवर गेल्या गेल्या पहिलं काम, बाल्कनीतल्या खुर्च्या आत आणून ठेवायच्या, मूल खुर्चीवर चढतं आणि कठडा बुटका होतो. आणि घरची किटली किंवा इंडक्शन बॅगेत भरू नका, आगीच्या भीतीने काढून घेतात. दुधासाठी गरम पाणी केबिनवाला आणून देतो, सांगितलं की तो रोज न विसरता आणतो.

प्रश्न: नातू 9 वर्षांचा आहे. गेटवेहून लाँचने मांडव्याला नेलं तर पोरगं वाटभर ओकलं. मुलगा-सून क्रूझचं बघतायत, मला काळजी वाटते. न्यावं का? – एक आजोबा, गिरगाव

उत्तर: आजोबा, लाँच आणि क्रूझ यात फरक आहे, मोठ्या बोटीला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात ते डुलणं बरंच कमी करतात. तरी अजिबात लागत नाही असं मी म्हणणार नाही. एक सोपी परीक्षा करा, भाऊच्या धक्क्याहून मांडव्याची रो-रो (गाड्याही घेऊन जाणारी बोट) जाते, ती लाँचपेक्षा खूप मोठी आहे, साधारण तासाभराचा प्रवास, एका रविवारी त्याला घेऊन जा. त्यात तो हसतखेळत गेला तर क्रूझला हरकत नाही. तिथेही त्याला मळमळलं तर मुलांच्या डॉक्टरांकडून औषध आणि त्याच्या वजनाप्रमाणे डोस लिहून घ्या, औषध बोट हलायच्या आधी द्यायचं असतं, उलट्या सुरू झाल्यावर फारसा उपयोग नाही. केबिन बोटीच्या मध्यावर आणि खालच्या डेकवरची घ्यायला सांगा, वर आणि टोकाला जास्त हलतं, स्वस्त मिळाली म्हणून पुढच्या टोकाची घेऊ नका. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको, खिशात आलेपाक ठेवा, मोबाईलवर गेम खेळू देऊ नका, लांब जिथे आकाश-पाणी मिळतं तिकडे बघायला सांगा. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावरून या बोटी सुटतच नाहीत. पण मेच्या मध्यानंतरची तारीखही टाळा, अरबी समुद्रात तेव्हा वादळं उठतात, 2021 चं तौक्ते मे महिन्यातच मुंबईजवळून गेलं होतं ते तुम्हाला आठवत असेल. डिसेंबर-जानेवारी घ्या, समुद्र तेव्हा बराच शांत असतो.

प्रश्न: बहिणीच्या 12 वर्षांच्या मुलीला घेऊन मी एकटी सिंगापूरची क्रूझ करणार आहे. आमची आडनावं वेगळी. काही अडचण येईल का? – एक मावशी, दादर

उत्तर: कागद नसतील तर येऊ शकते, आणि ती नेमकी बंदरावर येते जिथून कुणाला फोन करूनही फायदा नसतो. आई-बाबा दोघांच्या सह्यांचं संमतीपत्र, नोटरी केलेलं, त्यात तुमचा पासपोर्ट नंबर, भाचीचा पासपोर्ट नंबर, बोटीचं नाव, जायची-यायची तारीख, आणि वाटेत आजारी पडली तर उपचाराची परवानगी तुम्हाला आहे हेही लिहून घ्या. बरोबर दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि तिच्या जन्मदाखल्याची प्रत. तिचा पासपोर्ट परत यायच्या तारखेनंतर सहा महिने चालणारा हवा, मुलांचे पासपोर्ट कमी वर्षांचे असतात, आपल्या लक्षात राहत नाही.

बारा हे अधलंमधलं वय आहे, कंपनीप्रमाणे ती लहान मुलांच्या क्लबात जाईल किंवा मोठ्यांच्या, तेव्हा विचारून घ्या आणि तिलाही विचारा. बोट सुटायच्या आधी आपत्कालीन जागा दाखवतात ती दोघींनी चालत जाऊन बघा, कंटाळा करू नका. 2012 मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली तेव्हा ताज्या चढलेल्या कितीतरी प्रवाशांचा हा सराव झालेलाच नव्हता, 32 माणसं गेली, आणि त्यानंतर बोट सुटायच्या आधीच तो घ्यायचा असा नियम झाला. भाचीला जागेचा नंबर पाठ करायला लावा आणि क्लबात असताना भोंगा वाजला तर मावशी कुठे भेटेल ते ठरवून ठेवा. दोघींचे फोन बोट सुटताना एअरप्लेन मोडवर टाका, समुद्रातलं रोमिंग वेगळंच असतं आणि बिल घरी आल्यावर कळतं, हवं तर बोटीचं वायफाय एका फोनपुरतं घ्या आणि रात्री जेवण झालं की बहिणीला व्हिडिओ कॉल लावा, ती वाट बघत असेल.