दात काढल्यावर पेशंटला सांगायचं कसं

अरे, पहिली गोष्ट, सूचना दात काढायच्या आधी सांग. नंतर तोंड बधिर, दाताखाली कापूस, पेशंट घाबरलेला, तो नुसती मान हलवतो आणि डोक्यात काहीच शिरत नाही. मी सुरुवातीला हेच करायचो, शेवटी घाईघाईत सगळं बडबडून मोकळा. एकजण घरी जाऊन रक्ताची चव जावी म्हणून दर पाच मिनिटांनी चुळा भरत बसला, तिसऱ्या दिवशी कानापर्यंत ठणका घेऊन हजर, ड्राय सॉकेट! म्हणजे काढलेल्या दाताच्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून आतलं हाड उघडं पडलेलं. चूक माझीच, "चूळ भरू नका" एवढंच म्हणालो होतो, का ते सांगितलंच नाही.

आता मी सांगतो की खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते ना, तीच तुमची मलमपट्टी, जोरात चूळ, थुंकणं, स्ट्रॉने ओढणं, सिगरेट, यातल्या कशानेही ती निघू शकते. कारण कळलं की लोक ऐकतात बघ. कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा, सारखा काढून बघायचा नाही. २४ तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या.

लाळेत थोडी लाली दिसणारच हेही आधीच सांग, नाहीतर रात्री फोन येतो. लहान मूल असेल तर आईला बजाव, बधिरपणा जाईपर्यंत ओठ चावतंय का बघा.

आणि "समजलं ना?" असं विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. "घरी गेल्यावर काय करणार, मला सांगा" असं विचार.