सिकल ‘निघाली’ की ‘कळली’?

“मुलीला सिकल निघाली जी मॅडम, आता तिचं लग्न कसं होईल?” हा प्रश्न मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकला आहे की समोरची बाई पिशवीतून घडी घातलेला कागद काढू लागली, की पुढचे वाक्य मला आधीच ऐकू येते. सिकल म्हणजे सिकलसेल, आईवडिलांकडून मुलांकडे येणारा रक्ताचा आजार. पूर्व विदर्भातील धानाच्या पट्ट्यात, एका ग्रामीण रुग्णालयाच्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये मी किशोरवयीन मुलामुलींसाठी समुपदेशक म्हणून काम करते आणि आठवड्यातील काही दिवस जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये जाते. पुढील हकिकतीतील नाव आणि तपशील ओळख पटू नये म्हणून बदललेले आहेत.

शाळेत आरोग्य पथक येते, उंची-वजन होते, दात-डोळे पाहिले जातात आणि बोटातून रक्ताचा थेंब घेऊन सिकलसेलची पहिली चाचणी केली जाते. या पहिल्या चाचणीला, म्हणजे सोल्युबिलिटीला, एवढेच सांगता येते की रक्तात सिकलचे हिमोग्लोबिन आहे. मूल केवळ वाहक आहे, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच सिकल आल्यामुळे स्वतः आजारी नाही, की आजारी आहे, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी दुसरी तपासणी करावी लागते आणि तिचा अहवाल येईपर्यंत काही दिवस, कधी काही आठवडे जातात. माझ्या अनुभवात कुटुंबाचे सर्वाधिक नुकसान याच मधल्या काळात होते, कारण आजार ठरलेला नसतो, पण गावाने तो ठरवून टाकलेला असतो.

प्रणाली नववीत होती आणि तिच्या शाळेत पहिल्या चाचणीत आढळलेल्या मुलांची नावे वर्गात मोठ्याने वाचली गेली होती. वाचणाऱ्या शिक्षकांचा हेतू वाईट नव्हता. पालकांना निरोप लवकर पोहोचावा, इतकेच त्यांच्या मनात होते. दुसरा अहवाल ‘एएस’ आला, म्हणजे मुलगी वाहक होती, आजारी नव्हती. तरीही तोपर्यंत आईने तिची कबड्डी बंद केली होती, सोमवारी शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी घ्यायची नाही असे बजावले होते आणि पथक पुन्हा येणार असल्याचे कळले की त्या दिवशी तिला घरीच ठेवायला सुरुवात केली होती.

प्रणालीच्या आईबरोबरच्या पहिल्या तीन भेटी मी वाया घालवल्या, हे कबूल केले पाहिजे. मी कागदावर चौकोन काढले आणि आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक असते, हे समजावले. त्या दोघांपैकी एकच वाहक आणि दुसरे पूर्ण निरोगी असेल तर मुलाला हा आजार होत नाही, फार तर ते मूल वाहक होते, हेही सांगितले. बाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या, आणि मान हलवणारा माणूस बहुधा दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत असतो, हे इतक्या वर्षांनंतर तरी माझ्या लक्षात यायला हवे होते.

चौथ्या भेटीत मी कागद बाजूला ठेवला आणि विचारले, “ताई, लग्नाला अजून पुष्कळ वर्षे आहेत. आज रात्री झोप कशामुळे लागत नाही?”

त्या बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमचा तक्ता बरोबर आहे जी मॅडम. पण घरचे म्हणतील ना, हे तू माहेरून आणलंस.”

पोरीच्या लग्नाची काळजी खोटी नव्हती, पण ती वरची होती. तिच्याखाली या बाईची स्वतःची, कितीतरी वर्षे चाललेल्या संसारातली भीती दबून बसली होती, आणि मी मात्र पोरीच्या भावी मुलांची गणिते मांडत होते. ज्या विवेकनिष्ठ विचारसरणीत मी घडले, ती सांगते की माणसाला घटनेपेक्षा त्या घटनेचा त्याने लावलेला अर्थ अधिक छळतो. अर्थ बदलायचा तर आधी तो नेमका कोणता आहे, हे ऐकून घेतले पाहिजे, हा धडा मला पुस्तकाने नव्हे, त्या पदराने दिला.

पुढच्या भेटीला नवरा-बायको दोघेही आले, दोघांचीही तपासणी झाली आणि अहवाल आला तेव्हा वाहक निघाले ते वडील. मी मुद्दाम घाई केली नाही. त्यांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “म्हणजे मी चाळीस वर्षं हे अंगात घेऊन धान कापतोय? मग इतकी वर्षं मला काय झालं?”

“काय झालं, भाऊ?”

“काहीच नाही.”

“मग आज काय झालं?”

ते थांबले आणि थोड्या वेळाने म्हणाले, “आज फक्त कळलं.”

त्या एका क्रियापदावर मी पुढची दोन सत्रे उभी केली, आणि ती माझ्या कामातली चांगली सत्रे होती, असे मला अजून वाटते. आपल्याकडे सिकल ‘निघते’, जशी चोरी निघते किंवा भानगड निघते. जे निघते ते लपवावे लागते, आणि जे नुसते कळते त्याचा उपयोग करता येतो. नंतर प्रणालीच्या आईने स्वतःच जावेला “पोरीचं कळलं, तिच्या बापाचंही कळलं” असे सांगितले. त्यात थोडा सूड होता हे मला दिसले, पण मी तो चालवून घेतला.

हाच प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांना आता मी काही गोष्टी सुरुवातीलाच सांगते. दुसरा अहवाल हातात येईपर्यंत मुलाचे खेळणे, खाणे, शाळा यांतले काहीही आपल्या मनाने बंद करू नये. वाहक मुलाला लोहाची गोळी वर्ज्य नाही. ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या रुग्णाला, विशेषतः ज्याला वारंवार रक्त द्यावे लागते त्याला, ती डॉक्टरांना विचारूनच द्यावी. वाहक मुलाने खेळायला हरकत नाही, फक्त उन्हातल्या दमवणाऱ्या सरावात पाणी भरपूर प्यावे आणि मध्ये थांबावे. हा नियम खरे तर सगळ्या संघालाच लावला तर कोणाकडे बोट जात नाही. आणि लग्न ठरवताना ‘आमच्या मुलीचे सांगायचे की लपवायचे’ हा प्रश्नच अपुरा आहे, कारण तिचा कागद एकट्याने काहीच सांगत नाही. समोरच्या मुलाचा अहवाल शेजारी ठेवल्यावरच त्याला अर्थ येतो. दोघेही वाहक असतील तर डॉक्टरांशी सविस्तर बोलून निर्णय घ्यावा, एकच वाहक असेल आणि दुसऱ्याच्या अहवालात काहीच नसेल तर या कारणासाठी नकार देण्याची गरज नाही.

शाळेतही एक बदल करून घेता आला, आणि त्याचे समाधान मी लपवत नाही. मुख्याध्यापकांशी दोनदा बसल्यावर नावे वाचणे बंद झाले. आता बंद पाकिटात पालकांच्या नावे निरोप जातो, तो सर्व मुलांच्या घरी जातो, ज्यांच्या चाचणीत काही आढळले नाही त्यांच्याही. शिपाईमामांनी सुरुवातीला पाकिटांच्या खर्चावरून कुरकुर केली, पुढे वर्तमानपत्राच्या कागदाची पाकिटे मुलांनीच कार्यानुभवाच्या तासाला केली.

प्रणाली कबड्डीच्या संघात परतली. शेवटच्या भेटीत मी सहज विचारले, “ताई, मोठ्या मुलाची तपासणी झाली आहे का?” मुलगा बावीस वर्षांचा, त्याच्या सोयरिकीची बोलणी चालू, आणि इतक्या महिन्यांत त्याचे नाव घरात कोणी काढले नव्हते, माझ्याही तोंडी ते इतक्या उशिरा आले. तो आला, रक्त देऊन गेला, अहवाल ‘एएस’ आला. पंधरा दिवसांनी आईचा फोन आला. मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता, त्यामुळे त्या मोठ्याने बोलत होत्या.

“मॅडमजी, पोराचा कागद आम्ही पोरीकडच्यांना दाखवला. त्यांना म्हटलं, तुम्हीपण करून घ्या. त्यांचा कागद आला की तुमच्याकडे घेऊन येऊ का जी, सोमवारी?”