क्लॅरोनेट ‘बी’वर किंचाळतेय? आधी मधली पट्टी बघा

वेंगुर्ल्याहून विचारलंय त्यांच्यासाठी. जुनी क्लॅरोनेट, ‘ए’पर्यंत छान वाजते, ‘बी’ घेतला की किंचाळते, आणि गावात बघणारं कोणी नाही. वाचून हसलोच. रत्नागिरीत मी हेच दीड वर्ष भोगलंय.

तोंडाची ठेवण, फुंक वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. तुम्ही बासरीवाले आहात म्हणून एवढंच सांगतो, इथे अंगठ्याची वरची चावी दाबली की सूर सप्तकभर चढत नाही. सा धरला असेल तर थेट तार सप्तकातला पंचम निघतो. त्यात ‘ए’ला एकच बोट लागतं आणि ‘बी’ला एकदम आठ. एक जरी भोक केसभर उघडं राहिलं तरी किंचाळी ठरलेली. ‘ए’ वाजवतानाच उजवा हात भोकांवर ठेवून द्या, सुराला काही होत नाही आणि निम्मं काम आधीच उरकतं.

पण माझं दुखणं बोटांत नव्हतं. गणपतीच्या आरत्यांना रोज वाजवायची म्हणून मी क्लॅरोनेट जोडलेलीच माळ्यावर ठेवायचो. भाद्रपदातली आपली हवा! लाकूड फुगलं, मधला सांधा घट्ट बसला आणि मी दोन्ही हातांनी गरगर पिळून तो काढला. तिथेच माती खाल्ली. वरच्या भागातून एक छोटी पट्टी येते आणि खालच्या भागाच्या पट्टीवर टेकते. उजव्या हाताची, भोकाभोवतीची कडी दाबली की त्या जोडीमुळे दोन पॅड, म्हणजे भोकं झाकणाऱ्या गाद्या, एकदम बसतात. माझी पट्टी वाकली, त्यामुळे एक पॅड आधी टेकायचं आणि दुसरं जरासं अधांतरी राहायचं. बघून काही कळत नाही.

मग मुंबईतलं एक दुकान. नाव घेत नाही. न वाजवताच ‘सगळे पॅड गेलेत’ म्हणाले. दसऱ्याला दिलेलं वाद्य शिमग्याला परत मिळालं. दर फोनला ‘पुढच्या आठवड्यात या’. ४,८०० रुपये गेले आणि किंचाळी होती तशीच! नवे पॅड मात्र चकाचक. शेवटी लांज्याला एका लग्नात बॅंडमधल्या म्हाताऱ्या वादकाने सिगारेटच्या कागदाची पट्टी पॅडखाली घातली, कडी दाबली आणि कागद ओढून दाखवला. अलगद निघून आला, म्हणजे पॅड नीट बसतच नव्हतं. फडकं गुंडाळून त्याने ती वाकलेली मधली पट्टी जराशी वळवली, दोन मिनिटांत काम झालं. पैसे विचारले तर म्हणाला, आधी जेवून घे.

तेव्हा आधी एक करा. ‘बी’चीच बोटं ठेवा, फक्त अंगठ्याची वरची चावी सोडा. खालचा ‘ई’ निघाला पाहिजे. तोही अडखळत असेल तर बहुधा कुठेतरी हवा गळतेय, कागद लावून बघा. ‘ई’ स्वच्छ असेल तर दुकानात जाऊ नका, बोटांवर मेहनत घ्या. पट्टी स्वतः वाकवायला सांगत नाही हं, मोडली तर मला बोलू नका. आणि माझी क्लॅरोनेट बोहम पद्धतीच्या चाव्यांची आहे. बॅंडमधली जुनी असेल तर तुमची अल्बर्ट पद्धतीची असू शकते, तिच्या चाव्यांची रचना वेगळी, तिथे माझं सगळं लागू होईलच असं नाही.

जोडताना वरच्या भागाच्या कड्या दाबून धरा म्हणजे पट्टी उचललेली राहते. सांध्यावरच्या बुचाला ग्रीस लावा. वाजवून झालं की सांधे सोडवा, आतून फडकं फिरवा, आणि उन्हात अजिबात वाळवू नका, लाकूड तडकतं. रीड दोन किंवा अडीच नंबरचीच घ्या. मी किंचाळी जाईल म्हणून साडेतीनची आणली होती, नुसते गाल दुखले.

हो, आणि क्लॅरोनेटच्या अंगावर ‘एचपी’ (हाय पिच) असा शिक्का आहे का बघा. असेल तर ती जुन्या चढ्या पट्टीची. खरं तर साध्या बी-फ्लॅट क्लॅरोनेटचा ‘सी’ पेटीच्या काळी पाचशी जुळतो, हिचा चढाच राहील. भजनात सगळे तुमच्याकडे वळून बघतील. शिक्का असला तर इथेच कळवा, मग बोलू.