मुलाला डबे आपटायचेत, आपटू द्या

पत्र: मुलगा सोलापुरात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आतापर्यंत ६८ टक्के. रेल्वे इंजिन अणुइंधन वाहून नेण्याच्या पोलादी डब्यावर आदळवल्याचा व्हिडिओ पाहिल्यापासून 'मला हेच टेस्टिंग करायचंय' म्हणतो. आम्ही पुण्यात एमपीएससीच्या क्लासची फी भरली आहे. किरणोत्सर्गात राहून तब्येत गेली तर उद्या मुलगी कोण देणार? त्याची समजूत कशी घालावी?
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर: क्लास तुम्ही निवडला, फी तुम्ही भरली आणि समजूत मात्र मी घालायची! फी भरण्याआधी मुलाला विचारलंत का, ते पत्रात कुठेच नाही. ६८ टक्क्यांची मला काळजी नाही. पोराला स्वतःहून काहीतरी करावंसं वाटलं आणि घरात थेट लग्नाचा विषय निघाला, याची आहे. एमपीएससी वाईट नाही हो. पण मन नसलेली मुलं पुण्याच्या अभ्यासिकांत वर्षानुवर्षं खुर्ची अडवून बसतात आणि घरी 'यंदा नक्की' सांगत राहतात.

आता तुमची भीती. आपटायच्या डब्यात किरणोत्सर्गी माल नसतोच, त्याऐवजी साधा भराव घालतात. मुलाने पाहिलेली चाचणी बहुधा ब्रिटनमधली, १७ जुलै १९८४ची. ताशी १६० किलोमीटरने विनाचालक इंजिन डब्यावर घातलं. इंजिनाचा चक्काचूर झाला, डबा शाबूत राहिला. आतमध्ये खरं इंधन नव्हतं. एरवीची ठरलेली चाचणी अशी: ९ मीटरवरून डबा खाली सोडायचा, मग १ मीटरवरून पोलादी दांड्यावर, मग ८०० अंशांच्या आगीत अर्धा तास. ९ मीटर म्हणजे आदळताना ताशी जेमतेम ४८ किलोमीटर, पुणे हायवेवरचा कुठलाही ट्रक याहून जोरात पळतो. पण रस्त्यावर समोरची गाडीही चेपते. इथे खाली पोलादी पत्रा जडवलेलं भक्कम काँक्रीट असतं, ते तसूभर हलत नाही, सगळा मार डब्यालाच खावा लागतो.

मुलालाही एक सांगा: आपटायचा दिवस क्वचित येतो. बाकी संगणकावर सिम्युलेशन म्हणजे आपटण्याची नक्कल, वेल्डिंगची तपासणी, झाकणाचे बोल्ट, गॅस्केट आणि रिपोर्टांचे गठ्ठे. हे वाचून त्याचा उत्साह मावळला, तर तो व्हिडिओपुरताच होता.

वाट सरळ आहे: गेट ही अभियांत्रिकीची परीक्षा द्यायची, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलला अर्ज करायचा, पदवीला ६० टक्के लागतात. जागा थोड्या, स्पर्धा मोठी. नाही जमलं तरी क्रॅश सिम्युलेशन येणाऱ्या मुलाला पुण्याच्या वाहन उद्योगात काम आहे, म्हणजे तुमचं पुणंही साधलं.

क्लासवाल्यांना फोन करून फी परत मिळते का बघा. आणि पुढचं पत्र त्याला स्वतःला लिहू द्या. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सला किती मार्क पडले आणि फायनाइट एलिमेंटचा (संगणकावर ताण मोजायच्या पद्धतीचा) विषय घेतलाय की नाही, एवढं त्याने कळवावं.