माहितीपत्रकातली ‘सर्वसमावेशकता’ प्रवेशापूर्वी कशी पारखावी?

आपण विचारले आहे की, अल्पदृष्टी असलेला आपला धाकटा भाऊ अक्कलकुव्याहून एम.ए.साठी मोठ्या शहरातील विद्यापीठात जाणार आहे, तेथील माहितीपत्रकात ‘विविधता’ आणि ‘सर्वसमावेशकता’ या शब्दांची रेलचेल आहे, तर त्यातले खरे किती हे आधी कसे ओळखावे. मी अशाच एका विद्यापीठाच्या वसतिगृहात पाच वर्षे राहिलो, त्यातली दोन वर्षे मेस समितीवर होतो आणि आता एका महाविद्यालयात शिकवतो. माझे उत्तर असे की, प्रवेशाचे आकडे पाहत बसू नका; मेस आणि परीक्षा विभाग पाहा.

आकडे कायद्यानेच ठरलेले असतात. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान 5 टक्के जागा 40 टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखीव असतात, आणि अनुसूचित जमातींचे आरक्षण तर त्याहून जुने आहे. ते पाळल्याचे श्रेय घेणे म्हणजे वीजबिल वेळेवर भरले म्हणून स्वतःचा सत्कार करून घेणे होय.

प्रवेशानंतर काय घडते ते माहितीपत्रकात येत नाही. आमच्या पहिल्या वर्षी तास चालू असताना शिपाई दारात येई आणि ‘स्कॉलरशिपवाले ऑफिसात या’ असे पुकारी. आम्ही दहा-बारा जण उठून जायचो, आणि परत येईपर्यंत कोण कोणत्या रकान्यातले याचा हिशेब उरलेल्या वर्गाने केलेला असे. पुढे एका लिपिक बाईंनी ज्याला त्याला मोबाइलवर निरोप धाडायला सुरुवात केली आणि तो प्रकार थांबला. त्यासाठी कोणतेही परिपत्रक निघाले नाही. माझा खोलीतला सोबती धडगावकडचा, घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारा. तो चर्चासत्रात ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणाला तेव्हा मागच्या बाकांवर हशा पिकला, आणि त्यानंतर त्या सहामाहीत त्याने वर्गात तोंड उघडले नाही. हसणाऱ्यांत मीही होतो, हे लिहिणे भाग आहे.

मेसचा आग्रह का, ते सांगतो. महाराष्ट्रात हा प्रश्न वसतिगृहाच्या पंगतीतूनच सुरू झाला आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात आधी सर्वांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले, पण त्याचा लाभ प्रामुख्याने ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच होऊ लागला, म्हणून 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि पुढे इतर समाजांची स्वतंत्र वसतिगृहे निघाली. त्यांपैकी जैन बोर्डिंगमध्ये राहणारे भाऊराव पाटील अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला जाऊन आले, परतल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. याच भाऊरावांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली आणि एका पंगतीत आणले, आणि ती पंगत चालू राहावी म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. स्वतंत्र वसतिगृहे की एकच पंगत, या दोन वाटांपैकी कोणती बरोबर, यावर आमच्या मेस समितीत रात्ररात्र वाद झाले आहेत. माझे मत असे की, दोन्ही आपापल्या जागी लागतात. मात्र एकाच मेसमध्ये ‘फक्त शाकाहारी’ अशी पाटी लावून टेबले वेगळी केली जातात, तेव्हा ती यातली कोणतीच वाट नसते.

आता आपल्या भावाच्या डोळ्यांचा प्रश्न, ज्यावर माहितीपत्रके सर्वाधिक गुळगुळीत बोलतात. रॅम्प आणि लिफ्ट फोटोत दिसतात. विभागाच्या नोट्स कोणत्या फाँटमध्ये टंकलेल्या आहेत ते दिसत नाही. मराठी विभागांत श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या किंवा झेरॉक्सवरून स्कॅन केलेल्या नोट्सचे ढीग अजून फिरतात. एनव्हीडीएसारखे मोफत वाचक सॉफ्टवेअर युनिकोड मराठी, म्हणजे मोबाइलवर आणि संगणकावर सगळीकडे सारखी ओळखली जाणारी अक्षरे, वाचून दाखवते, परंतु श्रीलिपीतला मजकूर त्याच्या लेखी निरर्थक अक्षरांची रांग असते आणि स्कॅन तर नुसते चित्र. माझ्या एका विद्यार्थिनीसाठी आम्ही चार सहकाऱ्यांनी दिवाळीच्या सुट्टीत एका विषयाच्या नोट्स पुन्हा टंकल्या. खरे तर हे काम विभागाने आधीच करायला हवे होते. म्हणून विभागप्रमुखांकडे एका विषयाची नोट्सची फाइल मागा आणि ती भावाच्या मोबाइलवर वाचून घेता येते का, ते तिथेच पाहा.

परीक्षा विभागात विचारायचे ते असे: लेखनिक, म्हणजे सांगितलेली उत्तरे लिहून देणारा माणूस, विद्यापीठ देते की स्वतः शोधावा लागतो, त्याचा अर्ज परीक्षेच्या किती दिवस आधी लागतो, आणि ताशी किमान 20 मिनिटांचा जादा वेळ केंद्रावर मागावा लागतो की बैठकव्यवस्थेतच धरलेला असतो. खिडकीवरचा माणूस या तिन्हींची उत्तरे न अडखळता देत असेल, तर तिथे अशी मुले नेहमी परीक्षा देतात असे समजा. दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी, अद्याप काढले नसेल तर जिल्हा रुग्णालयातील तपासणीची तारीख आजच पाहा, कारण पुढचे बहुतेक अर्ज तिथेच अडतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या नियमावलीने प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले. आमच्याकडे त्या कक्षाच्या फलकावर निवृत्त होऊन दोन वर्षे झालेल्या प्राध्यापकांचे नाव होते. फलकावरच्या क्रमांकावर एकदा फोन करा, आणि जाल त्या दिवशी दुपारचे जेवण भावासोबत वसतिगृहाच्या मेसमध्येच घ्या. पाहुण्यांचे कूपन बहुधा काउंटरवरच मिळते.