दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांकडून मोबाइलवर इंग्रजी डायरी लिहून घेतली तर उपयोग होतो का?

होतो, पण लाल पेन बाजूला ठेवता आलं तरच. मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवतो. पहिल्या वर्षी मुलांच्या गूगल डॉक्समधली प्रत्येक चूक रंगवून ठेवायचो. महिनाभरात सगळ्यांच्या नोंदी एकसारख्या झाल्या: ‘आय गेट अप अ‍ॅट सिक्स. आय ब्रश माय टीथ.’ चूक नको म्हणून पोरं गाइडमधली वाक्यं उतरवत होती.

आता आठवड्याला दोनच नोंदी, पाच-सहा ओळींच्या. उत्तरात मी फक्त मजकुराबद्दल बोलतो. एकीने लिहिलं, ‘माय ग्रँडमदर्स नी इज पेनिंग.’ आजीचा गुडघा दुखतोय, थेट मराठीतून उचललेलं! मी कॉमेंटमध्ये विचारलं, ‘सिन्स व्हेन हॅज हर नी बीन हर्टिंग?’ पुढच्या नोंदीत ‘हर्टिंग’ आपसूक आलं. दुरुस्ती अशी प्रश्नात लपवून द्यायची. ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ मात्र अशाने सुटत नाहीत, मराठीत ती भानगडच नाही ना. त्यासाठी नोंदींतली तीन-चार वाक्यं नाव न सांगता फळ्यावर घेतो.

भाषांतर करून चिकटवलेलं डॉक्सच्या व्हर्जन हिस्टरीत, म्हणजे कधी काय लिहिलं-बदललं याच्या नोंदीत, बहुतेक वेळा कळतं, अख्खा परिच्छेद एकदम उगवलेला असतो. घरात एकच फोन आणि तोही बाबांबरोबर कामावर, अशी मुलं असतातच. त्यांना वहीत लिहू द्या, शाळेत फोटो काढून घ्या.

आणि मार्क देऊ नका. दिलेत की पुन्हा ‘आय ब्रश माय टीथ’.